सहाशे वॅटची ऊब

कार्मिन सिस्टरने बाळाला वॉर्मरमधून उचललं तेव्हा सकाळचे सात वाजायला पाच मिनिटं कमी होती. बोळिंज नाक्याजवळच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात तिची रात्रपाळी संपायला अजून तास होता. बाळ चार दिवसांचं, महिनाभर आधीच जगात आलेलं, वजन जेमतेम एक किलो सातशे. अशा बाळांना अंगातली ऊब धरून ठेवता येत नाही. वॉर्मर त्याचसाठी असतो, म्हणजे एक उघडा पाळणा आणि त्याच्या वर तापणाऱ्या तारेची कॉइल. सत्त्याण्णव सालच्या त्या जानेवारीत थंडीही जरा जास्तच होती.

कार्मिनने सवयीने बाळाच्या पायाला हात लावला आणि ती दचकली. पाय गार होता. काखेत थर्मामीटर धरला तर पस्तीस पूर्णांक दोन. हवं होतं साडेछत्तीस. वॉर्मर तर चालू होता. बटण लागलेलं, दिवा लागलेला. पण एरवी लालभडक दिसणारी तार आज विझत आलेल्या निखाऱ्यासारखी काळपट तांबडी दिसत होती. बाहेर व्हरांड्यातली ट्यूबलाइट बराच वेळ फडफडत होती, धड पेटत नव्हती.

विचार करत बसायला वेळ नव्हता. बाळाची आई, उन्नती, सिझेरियनचे टाके रात्रभर दुखल्याने पलीकडच्या खोलीत औषधाच्या गुंगीत होती. कार्मिनने स्वेटरची बटणं सोडली, बाळाला आपल्या छातीशी उभं धरलं, वरून शाल लपेटून घेतली आणि उन्नतीच्या खोलीत जाऊन भिंतीजवळच्या स्टुलावर बसली. बाळाच्या डोक्यावर हनुवटी टेकवून ती हलक्या आवाजात रोझरीच्या माळेची प्रार्थना म्हणत राहिली. अर्ध्या तासाने बाळाने पाय हलवला. पायात ऊब आली होती.

नेमक्या त्याच वेळी उन्नतीच्या सासूबाई चहाचा थर्मास घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"हे काय? मशीनमधून बाळ बाहेर कुणी काढलं?"

"गार पडलं होतं आजी. म्हणून मी—"

"गार पडणारच की! ह्या थंडीत बाहेर काढून बसलात तर गार पडेल नाहीतर काय होईल?"

कार्मिन सांगत राहिली, पण सासूबाईंनी एकदा आवाज चढवल्यावर तिचं कोण ऐकणार? नऊ वाजता उन्नतीचा नवरा जयवंत आला. तो मंत्रालयात नोकरीला, बोळिंजच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये दोनच वर्षांपूर्वी राहायला आलेला. स्वभावाने शांत माणूस. पण आईने डोळ्याला पदर लावून सगळं सांगितल्यावर तो सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेला.

डॉक्टर संपदा सबनीस प्रसूतिगृहाच्या मालकीण. वरच्याच मजल्यावर राहायच्या. त्यांनी कुणाला फटकन दोषी ठरवलं नाही. कार्मिनला घरी न पाठवता थांबवून घेतलं आणि दुपारी दोन वाजता स्वतः वॉर्मर तपासला. पाळण्यात थर्मामीटर ठेवून दहा मिनिटं वाट पाहिली. पारा सरसर वर चढला. तार लालबुंद झाली होती.

"मशीन ठणठणीत आहे, सिस्टर."

"सकाळी तार लाल नव्हती मॅडम."

"आता आहे. बारा वर्षं मी तुम्हाला ओळखते. पण मशीन चालू असताना बाळ गार कसं पडलं, एवढं मला सांगा. डोळा लागला होता का? बटण बंद राहिलं होतं का? तसं असेल तर मोकळेपणाने बोला. माणसाकडून होतं."

"नाही" एवढंच कार्मिन म्हणाली. टेबलावरचे कागद सारखे करत मॅडमनी सांगितलं, की उद्यापासून तुम्ही दिवसपाळीला या, ओपीडी सांभाळा, बाळांच्या खोलीत नवी सिस्टर बेला असेल.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कार्मिनला लुना चालवत आपल्या गावी, निर्मळला, परत जाताना वाटलं. त्या हळुवार आवाजाने तिला जास्त लागलं होतं.

घरी तिने नवऱ्याला, ॲन्सेल्मला, अर्धंच सांगितलं. त्याने अर्धंच विचारलं. रात्री तिला झोप अशी लागलीच नाही. डोळ्यांपुढे ती काळपट तांबडी तार येत होती. आपणच चुकून काही बंद केलं का? अपुऱ्या झोपेत माणसाला स्वतःवरही संशय येतो.

सकाळी साडेसहाला ॲन्सेल्म केळीच्या वाडीला पाणी लावायला विहिरीवर गेला. त्याने मोटर सुरू केली. मोटर फिरली नाही. नुसता 'हूँऽऽ' असा घुमल्यासारखा आवाज आला आणि त्याने घाईघाईने बटण बंद केलं.

"काय झालं?" कार्मिनने पडवीतून विचारलं.

"व्होल्टेज नाय. रोजचंच झालंय. फर्डिनंडदादाने सांगून ठेवलंय, सकाळी सहा ते आठ मोटर लावूच नको, जळेल. मीच विसरलो."

कार्मिन पायरीवर तशीच उभी राहिली. हातातला चहा निवून गेला. सहा ते आठ. आणि ती ट्यूबलाइट.

पंधरा मिनिटांत ती फर्डिनंडच्या दुकानात होती. फर्डिनंड ॲन्सेल्मचा मावसभाऊ, पंचावन्नच्या पुढचा. गेली तीस वर्षं तो निर्मळ, वटार, भुईगावच्या वाड्यांमधल्या जळलेल्या मोटरींना नवी तार भरून देत होता. दुकानात व्हार्निशचा वास भरून राहिलेला. खाली तांब्याच्या तारेची रिळं, आणि त्यांच्या मधोमध दोऱ्याने चष्मा बांधून बसलेला फर्डिनंड. कार्मिनने सगळं सांगितलं. फर्डिनंडने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मशीनवर पाटी असेल. काय लिहिलंय तिच्यावर?"

"दोनशे तीस व्होल्ट, सहाशे वॅट." बारा वर्षं रोज पुसत असलेली पाटी. तिला ती पाठ होती.

"बरं झालं, मोटर नाही. मोटरचं गणित किचकट असतं. कॉइल म्हणजे साधी तार. तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ठरलेला असतो. तार तीच, लांबी तीच, जाडी तीच, तर तो आकडा कशाला बदलेल? व्होल्टेजला अँपिअरने भागलंस की अडथळा मिळतो. व्होल्टेजला अँपिअरने गुणलंस की पॉवर मिळते. तुझी ऊब म्हणजे ती पॉवर."

"बारावीला होतं हे मला."

"मग विसरलीस कशी?"

"दोन पोरं वाढवली ना मधे."

फर्डिनंड हसला. त्याने खोक्याचा पुठ्ठा फाडून तिच्यापुढे टाकला आणि पेन्सिल दिली. "आता सांग. दोनशे तीसच्या जागी एकशे साठ आलं, तर ऊब किती कमी होईल?"

तिने मनात हिशेब केला. "तीस टक्के. थोडी जास्तच."

"सगळे इथेच फसतात. व्होल्टेज कमी झालं की त्याच तारेतून अँपिअरही तेवढ्याच मापाने कमी जातो. दोन्ही आकडे घटले. आता घटलेल्याला घटलेल्याने गुण."

कार्मिनने पुठ्ठ्यावर लिहिलं, शून्य पूर्णांक सात गुणिले शून्य पूर्णांक सात. शून्य पूर्णांक एकोणपन्नास. तिने मान वर केली.

"निम्मी?"

"निम्मीसुद्धा नाही. सहाशेच्या मशीनमधून तीनशेदेखील निघत नसतील."

क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. लगेच दुसरा विचार आला आणि ती उठून उभी राहिली. आत्ता, ह्या घटकेला, सात वाजून गेलेत आणि ते बाळ त्याच पाळण्यात आहे.

समोरच्या वाण्याकडे फोन होता. तिने प्रसूतिगृहात फोन लावला. बेलाने उचलला.

"बेला, बाळाचं टेंपरेचर किती?"

"छत्तीस सहा आहे सिस्टर. नॉर्मल."

"चार्टवर किती आहे ते नाही विचारत. बाळाचं विचारतेय."

बेला बावीस वर्षांची, नोकरीला लागून चारच महिने झालेले. पलीकडून रडवेला आवाज आला. "पस्तीस आठ. मी दोन दुपटी आणखी गुंडाळलीत. सिस्टर, मलाही काढतील हो."

"कोणी काढत नाही. आधी बाळ उचल. उन्नतीताई जाग्या असतील तर त्यांच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं ठेव आणि वरून पांघरूण घाल. आठ वाजेपर्यंत हलवू नकोस. आणि चार्टवर खरा आकडा लिही."

फोन ठेवल्यावर तिने परत दुकानात येऊन फर्डिनंडला विचारलं, "दादा, हे मोजून दाखवता येईल?"

"मोजल्याशिवाय कोण विश्वास ठेवणार?" त्याने कपाटातून टाँग टेस्टर काढला. चिमट्यासारखा जबडा असलेलं मीटर. तार कापायची नाही, सोलायची नाही, नुसती जबड्यात धरायची की तिच्यातून जाणारे अँपिअर काट्यावर दिसतात. फर्डिनंडने आपली इस्त्री चालू केली आणि टेस्टर तिच्या हातात दिला. कार्मिनने इस्त्रीची वायर जबड्यात धरली. काटा जागचा हलला नाही.

"बिघडलाय?"

"तू दोन्ही तारा एकदम धरल्यास. एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. दोघींचं एकमेकीत फिटतं, मग काटा शून्यावर. एकच तार धरायला हवी."

त्याने एका फळीवर प्लग आणि सॉकेट बसवून दिलं आणि मधली एक तार वेगळी काढून तिचे दहा वेढे घातले. वेढे कशाला, तर तिच्या मशीनचे दोन-अडीच अँपिअर ह्या मोठ्या टेस्टरवर नीट वाचता येणार नाहीत. दहाही वेढे जबड्यात घेतले की काटा दसपट दाखवेल, मग दहाने भागायचं. व्होल्टेजसाठी वेगळं मल्टिमीटर दिलं. आणि बजावलं, "मशीन चालू असतानाच व्होल्टेज बघ. लोड नसताना आकडा चांगला दिसतो, त्याला भुलू नकोस."

नऊ वाजता ती कामावर गेली ती थेट मॅडमच्या खोलीत. आधी बेलाला आत बोलावून तिच्याच तोंडून आकडा सांगायला लावला. मॅडमचा चेहरा उतरला. मग कार्मिन म्हणाली, "मॅडम, उद्या सकाळी साडेसहाला तुम्ही खाली या. मी काही सांगत नाही. मोजून दाखवते. तोवर बाळ पहाटेपासून आईजवळ राहू दे."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. काही विचारावंसं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्या फक्त "येते" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत चार बायका होत्या. कार्मिन, बेला, अंगावर शाल घेतलेल्या मॅडम, आणि कुणी न बोलावता आलेल्या सासूबाई. त्यांना काय चाललंय ते डोळ्यांनी बघायचं होतं. फर्डिनंड लुनाच्या मागच्या सीटवर बसून आला होता, पण बाळंतिणींच्या खोलीत पुरुषाने कशाला यायचं म्हणून व्हरांड्यातच थांबला. वॉर्मर रिकामा होता आणि फर्डिनंडच्या फळीवरून चालू होता. तार पुन्हा तशीच, काळपट तांबडी.

कार्मिनने मल्टिमीटरच्या पिना शेजारच्या सॉकेटात घातल्या. "बेला, लिहून घे. एकशे साठ."

मग दहा वेढ्यांची तार जबड्यात घेतली. काटा अठरावर जाऊन थांबला. "अठरा. भागिले दहा. एक पूर्णांक आठ अँपिअर."

"म्हणजे कॉइल खराब झालीये?" मॅडमनी विचारलं.

"तेच आधी बघू या." कार्मिनने पुठ्ठ्यावर गणित मांडलं. "एकशे साठ भागिले एक पूर्णांक आठ. अडथळा एकोणनव्वद ओहमच्या आसपास. आता पाटीवरून बघू. सहाशे वॅट भागिले दोनशे तीस व्होल्ट, म्हणजे दोन पूर्णांक सहा अँपिअर जायला हवेत. दोनशे तीस भागिले दोन पूर्णांक सहा, साडेअठ्ठ्याऐंशी. मॅडम, आकडा तोच आहे. कॉइलला काही झालेलं नाही."

"मग?"

"आता गुणून बघा. एकशे साठ गुणिले एक पूर्णांक आठ." तिने पेन्सिल मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी गुणाकार केला. दोनशे अठ्ठ्याऐंशी. त्यांनी पाटीकडे पाहिलं, परत पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"सहाशेच्या जागी दोनशे अठ्ठ्याऐंशी वॅट," कार्मिन म्हणाली. "निम्म्याहून कमी ऊब. दिवा लागतो, तारही थोडी लाल दिसते, त्यामुळे मशीन चालू आहे असं वाटतं. ते चालूच असतं. फक्त पुरत नाही. थंडी वाढल्यापासून सकाळी सहा ते आठ सगळ्या कॉम्प्लेक्समधले गीझर लागतात, पाण्याच्या टाक्या भरतात, वाड्यांवरच्या मोटरी सुरू होतात. सगळ्यांची लाइन एकच. परवा दुपारी तुम्ही तपासलंत तेव्हा ह्यातलं काहीच चालू नव्हतं."

व्हरांड्यातली ट्यूबलाइट फडफडत होती. सासूबाईंनी एकवार त्या दिव्याकडे पाहिलं आणि मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे पण सकाळी दोन गीझर असतात."

डॉक्टर संपदा डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि ह्या कामात तेच योग्य होतं. दुपारी ओपीडी संपल्यावर त्या स्वतः फळी आणि दोन्ही मीटरं घेऊन बसल्या. कार्मिनला नुसतं उभं राहायला सांगितलं. व्होल्टेज दोनशे पंचवीस. टेस्टरचा काटा साडेपंचवीसवर, म्हणजे अडीच अँपिअरहून थोडा जास्त. भागाकार अठ्ठ्याऐंशी, गुणाकार पाचशे चौऱ्याहत्तर. तार तीच, अडथळा तोच, आणि ऊब सकाळच्या जवळजवळ दुप्पट. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मी चुकीच्या वेळी तपासलं, सिस्टर."

"तुम्हाला तरी कसं कळणार होतं, मॅडम?"

"कळायला हवं होतं. बारा वर्षं काम केलेली बाई तार लाल नव्हती म्हणून सांगते, तर मी त्याच वेळेला येऊन बघायला हवं होतं. तुमचा डोळा लागला होता का, हे मी आधी विचारलं. ते विचारायला नको होतं."

कार्मिनला रडू आलं. ते तिने लपवलं नाही.

पुढचे निर्णय मॅडमनी भराभर घेतले. त्याच संध्याकाळी वॉर्मरला स्टॅबिलायझर बसला. व्होल्टेज पडलं तर ते वर उचलून देणारा, सहाशे वॅट आरामात पेलेल असा फर्डिनंडने निवडून दिलेला. बाळांच्या खोलीत भिंतीवर व्होल्टमीटर लागला. त्याचा काटा दोनशेच्या खाली गेला, तर नर्सने कुणाचीही परवानगी न मागता बाळ आईच्या छातीशी द्यायचं, असं मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलं. विजेच्या ऑफिसात त्यांनी अर्ज दिला, सोबत आठ दिवसांचे सकाळ-दुपारचे आकडे जोडून. आकडे कार्मिनने घेतले होते. तिथल्या साहेबाने ते दोनदा वाचले म्हणे. नवा ट्रान्सफॉर्मर यायला मात्र पावसाळा उलटून गेला.

बेलाने चार्टवर खोटा आकडा लिहिला होता, ते मॅडम विसरल्या नाहीत. तिला बसवून चांगलं सुनावलं. पण कामावरून काढलं नाही. खरा आकडा लिहायला माझीच भीती वाटत असेल तर त्यात थोडी चूक माझी आहे, असं त्या कार्मिनला म्हणाल्या.

बाळ एकोणिसाव्या दिवशी घरी निघालं. वजन दोन किलो शंभर. जयवंतने कार्मिनची माफी मागितली, अगदी हात जोडून. ती इतकी अवघडली की तिने घाईघाईने त्यालाच पाणी देऊन बसवलं. सासूबाईंनी माफी वगैरे मागितली नाही. त्यांनी तिळाच्या वड्यांचा डबा तिच्या हातात ठेवला आणि, "सकाळी आम्ही आता एकच गीझर लावतो," एवढं सांगून त्या रिक्षा बघायला बाहेर गेल्या.

खोलीत उन्नती आणि कार्मिन दोघीच उरल्या. उन्नती बाळाच्या टोपीची नाडी उगाचच सोडत-बांधत होती.

"सिस्टर, तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी सकाळी मी जागी होते."

कार्मिनने तिच्याकडे पाहिलं.

"पूर्ण नाही, पण होते. तुम्ही त्याला घेऊन भिंतीशी बसला होतात, काहीतरी म्हणत होतात, ते मला दिसत होतं. त्याला तुम्ही धरून ठेवलंय हे मला कळत होतं. आईंनी आरडाओरडा केला तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी डोळे मिटून पडून राहिले. त्यांच्यापुढे माझ्या तोंडून शब्दच निघत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली तरी निघत नाही."

'जाऊ द्या' म्हणणं सोपं होतं आणि कार्मिन ते रोज दहा जणींना म्हणायची. पण ते दोन दिवस तिला आठवले. स्वतःच्याच हातांवर संशय घेत काढलेली ती रात्र आठवली. ह्या मुलीच्या एका वाक्याने ते सगळं टळलं असतं.

"मला त्रास झाला," ती शेवटी म्हणाली. "खोटं कशाला सांगू? फार झाला."

उन्नतीने मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी ठिबकलं ते बाळाच्या दुपट्यावर पडलं. कार्मिनने पुढे होऊन दुपटं सारखं केलं आणि तिच्याजवळ पलंगावर टेकली.

"पण पोटाला टाके होते तुमच्या. उठून बसता येत नव्हतं. आणि गेले पंधरा दिवस रोज सकाळी सहाला उठून ह्याला दोन-दोन तास छातीशी कुणी धरलं? तुम्हीच ना? एकदाही कंटाळा केला नाहीत. ते मीही बघितलंय."

बाहेर रिक्षा लागली. जयवंतने बॅगा उचलल्या, सासूबाईंनी बाळासाठी हात पुढे केले. उन्नतीने बाळ त्यांच्याकडे दिलं नाही.

"मी घेते आई," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तुम्ही पिशवी घ्या."

सासूबाईंनी पिशवी घेतली. रिक्षा निघून गेल्यावर कार्मिन थोडा वेळ फाटकाशी उभी राहिली, मग आत गेली. त्या दिवशी सकाळीच आणखी एक बाळ आलं होतं, एक किलो नऊशेचं, आणि त्याच्या अंगाचं टेंपरेचर घ्यायची वेळ झाली होती.